अंगणातला कारखाना



हीरक महोत्सवाच्या व्याख्यानमालेत साहित्य, संस्कार, मातृभाषा हे विषय ओघानेच येतात आणि ते यायलाही हवेत. आजचा विषय मात्र थोडा ग्रीसने माखलेला आहे. घराच्या अंगणात, भंगारातून वेचलेल्या सुट्या भागांपासून, खाचखळग्यांतून आणि खडकांवरून चढून जाणारी चारचाकी कशी घडते आणि ती घडवणाऱ्या माणसाच्या पदरात शेवटी काय पडते, याचा हा विचार आहे. शाळेच्या व्यासपीठावर हा विषय कशासाठी, असे काहींच्या मनात आले असेल. त्याचे उत्तर सांगली जिल्ह्यातील एका गावापासून सुरू होते.

कडेगाव तालुक्यातील देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. २०२१च्या डिसेंबर महिन्यात हे गाव एका वेगळ्याच कारणाने देशभर गाजले. गावातील दत्तात्रय लोहार या कारागिराने आपल्या मुलाच्या हौसेखातर घरच्या घरी एक छोटी जीप तयार केली होती. खर्च सुमारे साठ हजार रुपये. इंजिन दुचाकीचे, चाके रिक्षाची, समोरचा तोंडवळा जुन्या जीपचा, स्टिअरिंग डाव्या हाताला. गाडी सुरू करायची तर मोटारसायकलसारखी किक मारायची. लोहार यांच्याजवळ अभियांत्रिकीची पदवी नव्हती. त्यांच्याजवळ होते ते वेल्डिंगचे यंत्र, वर्षानुवर्षांच्या कामाने बसलेला हात आणि घरातल्या लेकराचा हट्ट. या गाडीची चित्रफीत उद्योगपती आनंद महिंद्रा यांच्या पाहण्यात आली. त्यांनी गाडीचे कौतुक केले आणि त्याच वेळी एक रोखठोक गोष्टही सांगून टाकली. ही गाडी नियमांत बसत नसल्यामुळे स्थानिक अधिकारी आज ना उद्या ती रस्त्यावरून हटवतील. तेव्हा तिच्या बदल्यात आपण नवी बोलेरो देऊ आणि ही गाडी कंपनीच्या संशोधन केंद्रात जपून ठेवू, असा त्यांचा प्रस्ताव होता. आपल्या हाताने घडवलेली गाडी देऊन टाकायला लोहार कुटुंब सुरुवातीला राजी नव्हते, असे त्या वेळच्या बातम्यांत आले होते. ते स्वाभाविकच होते. घरात आलेल्या पहिल्या चारचाकीची पूजा होते. इथे तर ती घरातच जन्मली होती. अखेर २०२२च्या जानेवारीत अदलाबदल झाली. दारात बोलेरो आली आणि छोटी जीप गेली.

ही कथा त्या वेळी गोड शेवटाची म्हणून सर्वत्र सांगितली गेली. गोड ती आहेच. तरीही तिच्यातला एक प्रश्न तसाच राहून गेला. इतके कौशल्य असलेल्या माणसाची निर्मिती फार तर प्रदर्शनात जाऊन बसते. ती रस्त्यावर येण्याची वाट कोणाला का दिसत नाही? केवळ कायद्याकडे बोट दाखवून या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. त्यासाठी आधी अशी गाडी घडवणे म्हणजे नेमके काय, हे थोडे तपशिलात शिरून पाहिले पाहिजे.

देवराष्ट्र्याची जीप गावातल्या रस्त्यांसाठी होती. याच विद्येची सर्वांत कठीण परीक्षा म्हणजे खडक चढणारी गाडी. इंग्रजीतून आलेला ‘रॉक क्रॉलिंग’ हा शब्द आता आपल्याकडच्या हौशी मंडळींतही रूढ आहे. क्रॉलिंग म्हणजे रांगणे, आणि मूल रांगते तशीच ही गाडी चालते. मोटारींच्या शर्यतीत वेगाची किंमत असते. इथे वेग हा शत्रू. माणसाच्या कमरेएवढ्या दगडावर एक चाक चढवायचे, दुसरे हवेत लोंबकळत असताना तोल सांभाळायचा, आणि हे सगळे माणूस चालेल त्याहूनही हळू. या खेळाची पाळेमुळे अमेरिकेच्या पश्चिम भागात, कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा पर्वतातील रुबिकॉनसारख्या वाटांवर आहेत. १९५३ साली तिथे जीपवाल्यांचा पहिला मोठा मेळा भरला. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराला नकोशा झालेल्या जीप स्वस्तात मिळत होत्या, त्यांच्याच जोरावर हा छंद वाढला. भारतात महिंद्रांनी विलिस जीपची जुळणी सुरू केली, ती स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर. त्यामुळे जुन्या जीपचे ॲक्सल, गिअरबॉक्स आणि चेसिस आपल्या गॅरेजांतून आजही हाती लागतात. गोव्यात २०१४पासून ऐन पावसाळ्यात ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज’ ही मूळ मलेशियातील स्पर्धा भरते. तिथल्या लाल चिखलातून आणि ओढ्यांतून ज्या गाड्या वाट काढतात, त्यांत मूळची जीप ओळखूही येऊ नये इतकी बदललेली यंत्रे दिसतात.

आता गाडी इतकी हळू चालवायची तर इंजिन बंद कसे पडत नाही? इथे गणिताचा तास सुरू होतो. इंजिनाच्या फेऱ्या चाकापर्यंत पोहोचताना तीन ठिकाणी कमी होतात: गिअरबॉक्समध्ये, चारही चाकांना शक्ती वाटून देणाऱ्या ट्रान्सफर केसमध्ये आणि शेवटी ॲक्सलमध्ये. समजा, पहिल्या गिअरचे प्रमाण ४, ट्रान्सफर केसचे ४ आणि ॲक्सलचे ५ आहे. या तिघांचा गुणाकार ८०. म्हणजे इंजिनाच्या ८० फेऱ्यांत चाकाची फक्त एक फेरी होते. ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्या घेत असेल, तर चाक मिनिटाला १० वेळा फिरेल. चाकाचा व्यास ३५ इंच, म्हणजे सुमारे ८९ सेंटिमीटर धरला, तर परीघ २.८ मीटर. मिनिटाला २८ मीटर, तासाला साधारण १.७ किलोमीटर. मुंगीच्या पावलाने चालणारी ही गाडी वेगात जे गमावते ते पीळ देण्याच्या ताकदीत कमावते. घर्षणात थोडे वाया जाते ते सोडले, तर ती ताकद जवळजवळ ८० पट होते. म्हणून लहानशा इंजिनाची गाडीही दगडावर चढते. गुणोत्तर आणि प्रमाण या धड्यात टाकीचे नळ आणि मजुरांचे दिवस मोजून कंटाळलेल्या मुलांना हे एक उदाहरण फळ्यावर करून दाखवावे. वर्गाचा नूर बदलतो.

गिअर जमले म्हणजे गाडी चढलीच, असे मात्र नाही. वळणावर बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापते. त्यासाठी ॲक्सलच्या मध्यभागी डिफरेन्शियल असते आणि ते दोन्ही चाकांना सारखाच पीळ देते. रस्त्यावर ही सोय उत्तम. खडकावर तीच मुळावर येते. एक चाक हवेत गेले की त्याला फिरायला जेमतेम जोर लागतो, आणि दगडावर टेकलेल्या दुसऱ्या चाकालाही तेवढाच जोर मिळतो. एक चाक भिरभिरत राहते, दुसरे ढिम्म. यावर कारखान्यात तयार झालेले ‘लॉकर’ मिळतात, पण ते महाग असतात. घरचे कारागीर डिफरेन्शियलमधली छोटी दातेरी चाके सरळ वेल्ड करून टाकतात. दोन्ही चाके कायमची जखडली जातात आणि खडकावर काम फत्ते होते. डांबरी रस्त्यावर मात्र अशी गाडी वळताना टायर फरफटत नेते, ॲक्सलच्या दांड्यांवर ताण येतो, वेगात असेल तर हाताबाहेरही जाते. स्वस्त उपायाची किंमत दुसऱ्या कुठल्या तरी खात्यावर चढते, ती अशी. टायरचेही तसेच. रस्त्यावर ३० पौंड हवा लागते. खडकावर ती १०-१२ पौंडांपर्यंत उतरवतात, म्हणजे रबर दगडाला मुठीसारखे धरते. घरी परतताना मात्र पुन्हा हवा भरल्याशिवाय डांबरावर यायचे नाही, हा त्यातला न लिहिलेला नियम.

या सगळ्याहून महत्त्वाचा भाग म्हणजे गाडीचा सांगाडा. खडकावर गाडी कधी ना कधी उलटणारच, हे गृहीत धरून तो बांधायचा असतो. चालकाभोवती पोलादी पाइपांचा पिंजरा उभारतात. इथे सातवी-आठवीतली भूमिती जिवाच्या मोलाची ठरते. त्रिकोणाच्या तीन बाजूंची लांबी ठरली की त्याचा आकार ठरतो. ‘बाबाबा’ कसोटी हेच सांगते. चौकोनाचे तसे नसते. चारही बाजू तेवढ्याच ठेवून तो कलंडतो, दाबला तर चपटा होतो. म्हणून पिंजऱ्यातला प्रत्येक चौकोन कर्णाने दुभागून त्याचे दोन त्रिकोण करायचे असतात. कर्णाचा एक पाइप वाचवला, तर पहिल्याच कोलांटीत छत डोक्यावर येते. पाइपही कोणताही चालत नाही. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी भरणाऱ्या ‘बाहा’ स्पर्धेत मुख्य पिंजऱ्याच्या पाइपासाठी एक मूळ माप दिलेले असते: बाहेरचा व्यास २५ मिलिमीटर, पत्र्याची जाडी ३ मिलिमीटर, आणि पोलादात कर्बाचे प्रमाण किमान ०.१८ टक्के. वेगळा पाइप वापरायचा असेल, तर तो तितकाच बळकट असल्याचे गणित मांडून दाखवावे लागते. नळकामाचा पाइप दिसायला तसाच, भावाला स्वस्त. पण तो पाणी वाहण्यासाठी बनवलेला असतो, माणूस वाचवण्यासाठी नाही.

या ‘बाहा’ स्पर्धेचा थोडा तपशील सांगायला हवा, कारण अंगणातली कला आणि महाविद्यालयातली विद्या तिथे प्रथमच एका रांगेत उभ्या राहतात. १९७६ साली अमेरिकेतील साउथ कॅरोलायना विद्यापीठात ती सुरू झाली, भारतात २००७पासून. इंदूरजवळच्या पिथमपूरला वाहनचाचणीच्या मैदानावर देशभरातील संघ एक आसनी, कोणत्याही वाटेवर चालेल अशी गाडी स्वतः बांधून आणतात. पेट्रोलच्या मूळ स्पर्धेत सर्वांना एकाच ताकदीचे, सुमारे दहा अश्वशक्तीचे छोटे इंजिन वापरावे लागते, म्हणजे पैशाच्या जोरावर कोणी पुढे जाऊ नये. आधी कागदावरचे आरेखन आणि गणित तपासतात, मग सुरक्षिततेची तपासणी, मग चढाव, दगड-ओंडक्यांची वाट, आणि शेवटी चार तास न थांबता चालण्याची परीक्षा.

स्पर्धेसाठी खडकाळ प्रदेशातच जन्माला यावे लागते, असे नाही. लखनऊच्या उत्तरेला जानकीपुरम नावाची मोठी वसाहत आहे. तिच्याच विस्तारित भागात उत्तर प्रदेशाचे तंत्रशिक्षणाचे विद्यापीठ आहे. आज ते डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या नावाने ओळखले जाते आणि शेकडो महाविद्यालये त्याला जोडलेली आहेत. या जानकीपुरममध्ये एखाद्याने अंगणात खडक चढणारी गाडी बांधायला घेतली, तर त्याच्यापुढे पहिली अडचण येईल ती खडकाचीच. गोमतीकाठची ती भूमी गंगेच्या मैदानातली, गाळाची. शेकडो मीटर खोल गेल्याखेरीज मूळ दगड लागायचा नाही. तिथल्या हौशी माणसाला पाडलेल्या इमारतींचे काँक्रीटचे तुकडे, ओंडके, ड्रेनेजचे मोठे पाइप असे काहीबाही आणून डोंगर रचावा लागेल. सह्याद्रीत राहणाऱ्यांना हे ऐकून हसू येईल. आपल्याकडे पाषाण दाराशी आहे आणि शाळेतून सहलीला गेलेल्या प्रत्येक मुलाने तो पायाखाली तुडवला आहे. सामग्री आपल्याला निसर्गाने दिली. तिचा अभ्यास शाळेत किती होतो, एवढेच विचारण्यासारखे आहे.

परंपरेचीही वाण नाही. देवराष्ट्र्यापासून जवळच किर्लोस्करवाडी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकला शिकायला मुंबईला गेले. काही रंग ओळखता येत नाहीत असे लक्षात आल्यावर ते यंत्रांच्या आरेखनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत शिक्षक झाले. पुढे बेळगावात सायकलींचे दुकान, मग कडबा कापायचे यंत्र, मग लोखंडी नांगर, आणि १९१० साली औंध संस्थानाने दिलेल्या माळरानावर कारखाना. एका शिक्षकाने दुकानात शिरून हात काळे केले, आणि माळावर गाव वसले.

त्याहून आजच्या विषयाला जवळचे उदाहरण इचलकरंजीचे. शंकरराव कुलकर्णी यांनी तिथे ‘मीरा’ नावाची छोटी मोटार स्वतः तयार केली. पहिली दोन आसनी गाडी १९४९ साली रस्त्यावर आली. पुढची वीस-पंचवीस वर्षे ते तिच्यात सुधारणा करत राहिले. नवी रूपे आली, इंजिनही स्वतः बनवलेले. सर्वसामान्य कुटुंबाला परवडावी म्हणून सत्तरच्या दशकात तिची किंमत बारा हजार रुपयांच्या आसपास ठेवण्याचा त्यांचा मानस होता. त्या काळी मोटार बनवायची तर सरकारी परवाना लागे आणि परवाने मोजक्यांनाच मिळत. मीराचे उत्पादन कधीच सुरू झाले नाही. पुढे २००९ साली ‘नॅनो’ बाजारात आली, तेव्हा अनेक जुन्या लोकांना इचलकरंजीची आठवण झाली. तोवर फार उशीर झाला होता.

इचलकरंजी आणि देवराष्ट्रे यांच्यामध्ये सत्तर वर्षे आहेत, पण दोन्ही वाटा कागदपत्रांपाशीच येऊन थांबल्या. म्हणून कायद्याचाही थोडा विचार करणे भाग आहे. १९८८च्या मोटार वाहन कायद्यातील कलम ५२ नुसार, निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हे बंधन उचलून धरले. नव्या प्रकारची गाडी तयार केली, तर तिचा नमुना मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. अशी एक संस्था पुण्यात वेताळ टेकडीवर आहे: १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन, ‘एआरएआय’. ब्रेक, धूर, दिवे, स्टिअरिंग, सगळ्याची कसून चाचणी होते. कारखानदाराला हा खर्च लाखो गाड्यांवर वाटता येतो. अंगणात एकच गाडी बांधणाऱ्याला तो परवडणे शक्य नाही. त्यामुळे घरी बांधलेली गाडी खासगी जागेत किंवा स्पर्धेच्या मैदानावर चालवायची, सार्वजनिक रस्त्यावर नाही, एवढीच वाट आज उरते. अनेकांना यात सरकारचा जाच दिसतो. तसे म्हणणे सोपे आहे, आणि अर्धेच खरे. वेल्ड केलेले डिफरेन्शियल घेऊन कोणी शाळा सुटायच्या वेळी रस्त्यावर आला, तर फाटकाशी उभ्या असलेल्या मुलांचे काय, हा प्रश्न पालकांनी स्वतःला विचारावा. कायदा चुकीच्या ठिकाणी उभा नाही. उणीव आहे ती त्याच्या अलीकडच्या पायरीची: कारागिराला गणित शिकवणारी आणि गणित शिकलेल्याच्या हातात कानस देणारी जागा आपल्याकडे जवळजवळ नाही.

‘जवळजवळ’ हा शब्द जाणूनबुजून वापरला आहे. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात पाबळ नावाचे अवर्षणग्रस्त गाव आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवलेले शास्त्रज्ञ, हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात मोठ्या पदावर होते. मुदतीपूर्वी निवृत्ती घेऊन त्यांनी १९८३ साली पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांचे म्हणणे साधे होते. माणूस करता करता शिकतो. शाळेने ही शिकण्याची नैसर्गिक रीत मोडून टाकली आहे, ती परत आणायची. शाळा सोडलेली, नापास झालेली मुले तिथे आली आणि वेल्डिंग, सुतारकाम, वीजजोडणी, शेती, बांधकाम करता करता भौतिकशास्त्र आणि हिशेब शिकू लागली. त्यांनी केलेले काम गावाच्या उपयोगी पडायचे आणि गावाने त्याचे पैसे द्यायचे. सराव म्हणून लाकडाचे निरुपयोगी तुकडे कापत बसणे तिथे नव्हते. हाच अभ्यासक्रम पुढे ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ या नावाने आठवी ते दहावीच्या काही शाळांत गेला. याच आश्रमात ‘मेकबुल’ नावाचा छोटा ट्रॅक्टर तयार झाला. जुन्या जीपचे सुटे भाग आणि एक लहान डिझेल इंजिन यांची सांगड घालून, लहान शेतकऱ्याला परवडेल असा तो बांधला होता. खडक चढणाऱ्या गाडीला जो ॲक्सल लागतो, तोच इथे नांगर ओढायला आला. २००२ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या नील गर्शेनफेल्ड यांच्या पुढाकाराने पाबळला ‘फॅब लॅब’ उभी राहिली. एमआयटीबाहेरच्या जगातील अशा अगदी पहिल्या प्रयोगशाळांपैकी ती एक. कलबाग २००३ साली गेले. काम चालू आहे.

पाबळचे महत्त्व तिथल्या यंत्रांत जितके आहे, त्याहून जास्त तिथल्या वहीत आहे. काम करणाऱ्या मुलाने काम लिहून काढायचे, किती सामान लागले, किती वेळ गेला, खर्च किती, चूक कुठे झाली, याची नोंद ठेवायची. देवराष्ट्र्याच्या गाडीत कौशल्याची कमतरता नव्हती. पाइप किती जाड घेतला आणि का, ब्रेक दाबल्यावर गाडी किती अंतरावर थांबली, असे लिहून ठेवण्याची आपल्या कारागिरांना कोणी सवय लावली नाही. चाचणी-केंद्राची भाषा याच वहीची असते. उलट आपल्या शाळांत वह्या भरपूर आहेत, पण त्यांत लिहिण्यासारखे काम नाही.

शाळांच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. हाताच्या कामाला शिक्षणात स्थान द्यावे, हे आपल्याकडे कोणाला सुचलेच नाही असे नाही. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने नई तालीमची परिषद झाली. उद्योगातून शिक्षण हाच तिचा गाभा. १९६४ ते ६६च्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली, आणि तो विषय वेळापत्रकात आलाही. पुढे काय झाले, हे इथे बसलेल्या माजी विद्यार्थ्यांना सांगायला नको. बहुतेक ठिकाणी कार्यानुभवाच्या तासाला कागदाची फुले झाली, खडूंची खोकी रंगली, आणि दहावी जवळ आली की तो तास गणिताने घेतला. गणितानेच घ्यावा, याहून मोठी गंमत नाही. कारण त्या तासाला चांगले काम झाले असते तर गणिताला वेगळा तास मागावा लागला नसता. यात शिक्षकांइतकाच पालकांचाही वाटा आहे. मुलगा गॅरेजात बसू लागला की घरात चिंता सुरू होते. अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला की पेढे वाटले जातात. दोन्ही ठिकाणी यंत्र तेच असते.

आता उत्साहाच्या भरात कोणी घरी गेल्या गेल्या वेल्डिंगचे यंत्र विकत आणू नये, म्हणून थोडे व्यावहारिक. भंगारातून आणलेल्या पेट्रोलच्या टाकीवर कधीही वेल्डिंग करायचे नाही. टाकी रिकामी दिसली तरी आत वाफ असते आणि ती स्फोट घडवते. अशा अपघातांत अनुभवी मेस्त्रींचेही जीव गेले आहेत. जस्ताचा मुलामा दिलेला पाइप वेल्ड करताना निघणारा पांढरा धूर छातीत जातो आणि रात्री थंडी वाजून ताप भरतो. मुलामा आधी घासून काढावा, जागा मोकळ्या हवेची असावी. डोळ्यांवर १० किंवा ११ नंबरची काच हवी. उन्हाचा चष्मा लावून वेल्डिंग करणाऱ्या मुलाला रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होईल. ग्राइंडर चालवताना सैल ओढणी, उपरणे, लोंबती बाही नको. पहिली वर्षे हे सारे जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच व्हावे. गावोगावच्या आयटीआयमध्ये अशी माणसे असतात, आणि आपल्या माजी विद्यार्थ्यांतही आहेत. महोत्सवाच्या निमित्ताने त्यांची यादी कार्यालयात झाली, तर ती देणगीदारांच्या यादीइतकीच उपयोगी पडेल.

आणि सुरुवात इंजिनाने करू नये. सुरुवात ढकलायच्या चारचाकी गाड्याने करावी, पण त्याला पुढची चाके वळवता येतील असे स्टिअरिंग बसवावे. इतक्या साध्या कामात एक सुंदर कोडे लपलेले आहे. दोन्ही पुढची चाके सारख्याच कोनात वळवली, तर गाडा वळताना कुरकुरतो आणि टायर घासतात. वळणाच्या आतले चाक बाहेरच्यापेक्षा थोडे जास्त वळले पाहिजे. किती जास्त, हे शोधायला शाळेचे मैदान पुरते. फरशीवर खडूने मागच्या आसाची रेषा लांबवर ओढायची. मग पुढच्या प्रत्येक चाकाच्या मध्यातून त्या चाकाला काटकोनात एकेक रेषा काढायची. या दोन्ही रेषा मागच्या आसाच्या रेषेवर एकाच बिंदूत मिळाल्या, तर गाडा आवाज न करता वळतो. नाही मिळाल्या, तर मुलांनी खाली बसावे, पाना घ्यावा, सांध्याची दांडी थोडी लांब किंवा आखूड करावी, आणि रेषा पुन्हा ओढाव्यात.